काखेतली ऊब

७ एप्रिल

आले एकदाची तांगवानला! होडी घाटाला लागली तेव्हा दोन्ही काठांच्या तुतींना नखाएवढी पालवी फुटली होती. मी वेड्यासारखी नावाड्यालाच सांगत सुटले, की ही पानं पंधरवड्यात रेशीमकिड्यांच्या पहिल्या घासाजोगी होतील. तो शांतपणे म्हणाला, बाई, मी इथेच जन्मलो.

जिल्ह्याच्या रेशीम केंद्राने मला वसंताच्या हंगामापुरतं च्वांग आजींच्या घरी ठेवलं आहे. माझ्या पेटीत चार तापमापक आहेत, तीन वह्या आहेत आणि माझा पदवीचा कागद आहे. कागद आणायची गरज नव्हती. पण आमच्या घराण्यात असा कागद अजून कुणी मिळवलेला नाही, तो मागे ठेवायला मन झालं नाही. त्यावर ‘शू वानछिंग’ हे माझं नाव लाल शाईत आहे.

आजींचे दात दोनच, पण आवाज खणखणीत. लग्न झालंय का, हे त्यांनी मी उंबरा ओलांडायच्या आत विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग एवढं शिकून केलंस तरी काय, आणि स्वतःच खो खो हसल्या. त्यांची सून पेईयिन माझ्याच वयाची आहे. नवरा मालाच्या होडीवर असतो, अधूनमधून घरी येतो. तिने बांबूचे कोवळे कोंब आणि खारवलेल्या मांसाचा रस्सा केला होता. मी तीन वाट्या प्यायले. घरात तीळ नावाची काळी-पांढरी मांजर आहे. या गावात मांजरीला माणसाआधी जेवायला मिळतं, कारण उंदीर शिरला तर रेशमाच्या किड्यांची सुपंच्या सुपं फस्त करतो.

माझी खोली पूर्वेची आहे. खिडकीतून पाणी दिसतं. हंगाम संपेपर्यंत इथल्या प्रत्येक घरात तापमापक टांगलेला असेल, असा मी निश्चय केला आहे.

१० एप्रिल

आज गावातल्या बायकांना अंगणात जमवून पहिला पाठ दिला. अंड्यांना किती ऊब लागते, हवेत ओल किती हवी, अति उष्णतेने किडे घाईने फुटतात पण दुबळे निघतात, हे सगळं चित्रं काढून समजावलं. बायका शेंगा सोलत अगदी गुणी मुलींसारख्या ऐकत होत्या. संपल्यावर एकीने पेईयिनला विचारलं, की बाई सांगते ते खरं का गं? पेईयिन म्हणाली, असेल, त्या शिकलेल्या आहेत. मग सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या आणि यंदा तिचा हात कसा आहे, ते बघू लागल्या. तिचा तळवा उलटा करून गालाला लावून बघतात! म्हणे तिच्या हाताला ऊब आहे, ती ज्या सुपाला शिवते तिथले किडे मरत नाहीत.

पेईयिन पाचवीत शाळा सोडून बसली. मला तिचा राग नाही. फक्त नवल वाटतं.

संध्याकाळी तीळ तिच्या मांडीवर झोपली होती. मी चार दिवस त्या मांजरीला माझ्या ताटातली मासोळी घालते आहे. म्हणून मी तिला उचलून घेतलं. तिने माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर सरळ ओरखडा काढला आणि परत पेईयिनच्या मांडीत जाऊन बसली. पेईयिन साबण घेऊन धावली, म्हणाली धुऊन घ्या, मास्तरीणबाई, मांजरीचं नख वाईट. मी म्हटलं काही झालं नाही.

१४ एप्रिल

केंद्राकडून बियाणं आलं. जाड कागदांवर खसखशीसारखी अंडी चिकटवलेली असतात. नेमकी आजच थंडी परतली. वीज कालपासून नाही, आणि शेगडी पेटवली तर धुराने अंडी मरतात. माझे तापमापक भिंतीवर टांगलेले आहेत आणि पारा खाली खाली जातो आहे.

तेव्हा आजींनी जुना मार्ग काढला. इथल्या बायका थंडीत बियाण्याचा कागद मऊ कापडात गुंडाळून सदऱ्याच्या आत, काखेशी धरतात. त्याच्यासकट जेवतात, त्याच्यासकट झोपतात. आजींनी एक कागद स्वतः घेतला, एक पेईयिनला दिला. मी मागितला तर म्हणाल्या, मास्तरीणबाई, तुमची ऊब सगळी डोक्यात. मी हट्ट धरला. शेवटी सर्वांत लहान कागद मला मिळाला.

देव्हाऱ्यात रेशीमदेवीचं चित्र आहे, खांद्यावर घोड्याचं कातडं पांघरलेली बाई. आजींनी तिची गोष्ट सांगितली. ती आधी साधी मुलगी होती. वाळत घातलेलं घोड्याचं कातडं एकदा आपणहून उठलं, तिला गुंडाळून झाडावर घेऊन गेलं, आणि ती तिथे धागा ओकत लटकली. मी म्हटलं, बिचारी. आजी म्हणाल्या, बिचारी कसली, सगळ्या गावात तिलाच निवडलं.

१८ एप्रिल

पेईयिनच्या कागदावरची अंडी आज निळसर दिसू लागली. आत डोळ्याचा ठिपका आला की अशी दिसतात. आजींचीही तशीच. माझी मातकट ती मातकटच. मी कमी हालते आहे, दोन सदरे घालते आहे, तरी.

आजी पेईयिनला ‘बयो’ म्हणतात. बयो, जरा बस. बयो, हे अंडं खा. मी घरची मोठी, पण आई असं धाकटीशी बोलायची. माझ्याशी बोलताना ती शब्द निवडायची, जणू मी कचेरीतून आलेली कुणी आहे.

हातावरच्या ओरखड्याजवळ एक लाल पुटकुळी आली आहे. दुखत नाही.

२० एप्रिल

डाव्या काखेत गाठ आली आहे. सकाळी सदऱ्याची बाही घालताना कळ आली. बोराएवढी आहे, कडक, आणि दाबलं की बोटांपर्यंत झिणझिण्या जातात. बियाणं घासून आली असेल. कागद उजव्या काखेत घेतला, पण ऊब डावीकडेच जास्त आहे, म्हणून परत डावीकडे.

२१ एप्रिल

होडीने बाजारच्या गावी जाऊन दवाखान्यात दाखवून आले. शाओ नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ तिखट. म्हणाल्या, काखेतली गाठ म्हणजे बंद पाकीट, वरून कळत नाही आत काय ते. केस काढताना कातडी कापून गळू होतं, हाताच्या जखमेतलं विष चढून काखेतली ग्रंथी सुजते, लस टोचल्यावर सुजते, क्षयाने सुजते, कधी छातीतला रोगही आधी काखेत दिसतो. त्यांनी दोन्ही काखा, मान, छाती नीट चाचपली. दुखतंय हे त्यातल्या त्यात बरं, म्हणाल्या, बहुतेक जंतूंचं काम आहे. मग चष्म्यावरून बघत विचारलं, की हाताला काटा, खरचटणं, मांजर, काही?

मी नाही म्हटलं. हात बाहीत होता.

का नाही म्हटलं? तोंडातून तसं गेलं. मांजरीने मला ओरखडलं आणि पेईयिनकडे गेली, हे परक्या बाईला काय म्हणून सांगायचं?

त्यांनी गोळ्या दिल्या आणि कापराचा वास येणारं मलम दिलं. ताप चढला, लाली पसरली किंवा गाठ मऊ पडली तर वाट न बघता परत यायचं. दाबायचं नाही, आणि स्वतः सुई-सुरी लावायची नाही, हे दोनदा सांगितलं.

मलम लावता येणार नाही. बियाण्याला कुठलाच उग्र वास चालत नाही, लसणाचासुद्धा. गोळ्या घेईन.

२३ एप्रिल

आज काय झालं!

रात्रीपासून अंगात ताप होता. सकाळी आजींनी कागद बघायला मागितला आणि उजेडात धरून ओरडल्याच. माझी अंडी निळी झाली आहेत, गडद निळी, पेईयिनच्याही पुढे! आजींनी माझ्या सदऱ्यात हात घातला आणि म्हणाल्या, अगं बया, भट्टी आहे ही तर, आणि आम्ही हिला कागदी समजत होतो. शेजारच्या दोघी येऊन माझा हात गालाला लावून गेल्या.

मग आजींनी पेईयिनकडून तिचा कागद घेतला आणि माझ्याकडे दिला. पेईयिनने निमूट दिला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. तिने एवढंच विचारलं, की मास्तरीणबाई, तुम्हांला बरं आहे ना?

गाठ आता अक्रोडाएवढी आहे. गोळ्या दोनच घेतल्या होत्या. त्यांनी ताप उतरतो. बाकीच्या पाण्यात टाकल्या.

उष्णतेने किडे दुबळे निघतात हे मीच शिकवलं होतं. पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी कधी बियाणं अंगाला लावून बघितलं आहे का?

२५ एप्रिल

फुटली! कागद उघडला तर सगळा काळा आणि हलता, मुंग्यांसारखी बाळं. इथे त्यांना कुणी किडे म्हणत नाही, बाळंच म्हणतात. मी हंसाच्या पिसाने ती सुपात उतरवली, कोवळं पान केसासारखं बारीक चिरून वर पसरलं. माझी सगळ्या गावात पहिली. आजी म्हणाल्या, बयो, तू बस आता.

बयो!

आज दार बंद झालं. चौकटीला लाल कागद लावला. आता बाळं कोषात जाईपर्यंत परक्याने आत यायचं नाही, अगदी जावई आला तरी. घरातलं कुणी वेस ओलांडून गेलं, तर ते परत बाळांच्या खोलीत येत नाही. बाहेरचा वास, बाहेरची नजर.

संध्याकाळी अंग पुसत होते तेव्हा पेईयिन पाण्याची बादली घेऊन आली आणि तिने गाठ बघितली. तिचा चेहरा उतरला. गाठीवरून लाल रेघ दंडाकडे गेली आहे, हे तिनेच मला सांगितलं. म्हणाली उद्या होडीने चला, मी येते बरोबर, आजींना मी सांगते.

सांगशील तर खबरदार, म्हटलं मी.

मी गेले तर खोलीत कोण बसेल? तीच. किती काळजी आहे तिला माझी!

२८ एप्रिल

ताप आहे. छान आहे. थंडी अजून हटत नाही आणि बाळांच्या खोलीत मी सुपांमध्ये बसले की पारा चढतो. खरंच चढतो, मी बघितला.

बाळं पानं खातात तेव्हा पत्र्यावर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज होतो. आज पानं संपली होती, सगळी कात टाकायला माना वर करून निजली होती. खोली शांत होती. तरी तो आवाज येत होता.

मी श्वास रोखून ऐकलं. सुपातून नाही. छतातून नाही. हात अंगाशी घट्ट दाबला तर बारीक झाला. उचलला तर मोठा.

तापात कानात असे आवाज होतात. हे मला माहीत आहे.

३० एप्रिल

पेईयिनने आजींना सांगितलंच, की पोरीचं अंग भाजतंय. आजी म्हणाल्या, भाजू दे की चार दिवस, देवी देते अशी ऊब कुणाकुणाला. गाठीचं तिने सांगितलं की नाही, माहीत नाही. आजींनी मला विचारलं, कुठे दुखतं का गं? मी हसून नाही म्हटलं. हसायला बरेच कष्ट पडले.

तीळ आता माझ्याकडे येते. दारात बसून माझ्या डाव्या बाजूकडे बघते. उंदराच्या बिळाकडे बघावं तशी.

२ मे

माझ्या सुपातली बाळं खात नाहीत. पान तसंच सुकतं. काहींची अंगं पारदर्शक झाली आहेत. आजींनी जीभ टाळ्याला लावून चक् केलं. मग अर्धी सुपं उचलून पेईयिनच्या बाजूला ठेवली. म्हणाल्या, तिच्या हाताखाली जरा बघू.

बघू!

दुपारी तिच्याकडे गेलेली माझी बाळं खात होती. सगळी. आवाज ऐकू येत होता. माझी माझ्याकडे खात नाहीत आणि तिच्याकडे खातात.

पुरेशी ऊब देत नाहीये मी. एवढंच.

३ मे

आज आजींनी मला मास्तरीणबाई म्हटलं. म्हणाल्या, मास्तरीणबाई, दोन दिवस निजून घ्या.

गाठ मऊ झाली आहे. अंड्याएवढी. वरचं कातडं ताणून चकाकतं आणि आत काहीतरी वळतं. कूस बदलल्यासारखं. मला भीती वाटली. खूप वाटली. लिहायला हवं म्हणून लिहिते — मला आईकडे जायचं होतं, अगदी लहान होऊन. घाटापर्यंत गेले. होडी होती. नावाडी म्हणाला, बसा.

मागे वळून बघितलं तर खिडकीत पेईयिन. माझ्या जागेवर बसलेली. हातात माझं हंसाचं पीस.

परत आले. आजी दारात आडव्या आल्या — कुठे गेला होतात — मी म्हटलं फक्त तोंड धुवायला. वेस ओलांडली नाही. आत येऊ दिलं.

४ मे

डावा हात खाली येत नाही. कातडं आखडतं आहे, खांद्यापासून, पाठीवरून. गुंडाळल्यासारखं.

गाठीच्या टोकाला पांढरं काही लोंबत होतं. पू असेल म्हणून पुसलं. पुसलं गेलं नाही. ओढलं तर लांबत गेलं. केसापेक्षा बारीक. मी पदवीधर आहे, मला रेशीम ओळखता येतं —

तोडलं नाही. धागा मध्ये तोडायचा नसतो.

५ मे

आवाज थांबत नाही. जेवताना माझ्या तोंडापेक्षा तो मोठा. आजींना ऐकू येत नाही. पेईयिनला येतो, मला खात्री आहे. ती माझ्या काखेकडे बघते आणि डोळे पुसते. नाटकी.

तिला हवं आहे ते. माझ्यातलं पण तिला हवं आहे.

६ मे

पेईयिन गेली! दुपारी, सगळ्यांसमोर, वेस ओलांडून, होडीने. आजी घाटावरून शिव्या देत होत्या, की हंगाम बुडवलास, परत पाय ठेवू नकोस. तिने वळून बघितलं नाही.

म्हणजे आता ती परत खोलीत येऊ शकत नाही. सगळी सुपं माझी. सगळी!

हसू येतंय. दात वाजतात म्हणून नीट हसता येत नाही.

७ मे

खोलीची कडी आतून लावली आहे. फटींत ओला कागद कोंबला. लाल नव्हता म्हणून पदवीचा घेतला, त्याच्यावर लाल शाई आहे.

उजेडात दोघी आल्या घाटाकडून. पेईयिन आणि चष्मेवाली. पिशवीतल्या औषधांचा वास इथपर्यंत येतो. पेईयिनने एवढ्यासाठी सगळं — घर, हंगाम, आजी —

नाही. युक्ती आहे. मी बाहेर, ती आत.

—

दार ठोठावतात. डॉक्टरीण म्हणते, पोरी, मांजराचं नख होतं ते, हिने सांगितलं मला, साधं दुखणं आहे गं, अजून वेळ गेली नाही, फक्त दार उघड. आजीपण रडतात. दार फोडा म्हणतात. आजी!

पेईयिन हाका मारते. मास्तरीणबाई नाही. वानछिंग म्हणते. वानछिंग, अगं वानछिंग, उघड ना गं. या घरात माझं नाव पहिल्यांदाच —

क्षणभर उठले. कडीवर हात ठेवला.

आणि मागे आवाज थांबला. सगळा. सुपात वळून बघितलं तर सगळ्या बाळांनी माना वर केल्या आहेत. एकूण एक. दाराकडे. तिच्या आवाजाकडे.

नाही. इकडे. इकडे बघा. ऊब इथे आहे. तिच्या हाताला काय आहे, साबणाचा वास — इथे आहे, आत आहे, कातड्याआड आहे म्हणून तुम्हांला दिसत नाही एवढंच —

पानं चिरायची सुरी इथेच आहे. डावा हात आपोआप वर राहतो आता, बरंच झालं. उजवा मोकळा हवा. पेन ठेवते.

कडी हलते आहे. थांबा गं, एकदा एवढं मोकळं केलं की मग कोण जातं तिच्याकडे ते मी — माना वळल्या — माझ्याकडे, सगळ्या माझ्याक